वेल्क्रोचा गाऊन

ज्या खोलीत नर्ससुद्धा कुजबुजत बोलतात, त्या खोलीत घालायच्या गाऊनला मी गळ्यापासून पोटापर्यंत वेल्क्रो लावला.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, मदन महल मोहल्ल्यात आली होती. नात दोन महिने आधीच जन्मली, सव्वा किलोची. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पेटीपेक्षा आईची ऊब बरी. उघड्या छातीवर बाळाला घेऊन जमेल तितके तास बसायचं. वजन वाढलं की घरी. पण दवाखान्याचा गाऊन उघडला की सगळाच उघडा पडे. मधूनच कोणी सफाईवाला भैया आत येई. लेक दहा मिनिटांत बाळ परत देई आणि बाहेर येऊन आईजवळ रडे.

अशा वेळी बापाने गप्प बसावं. पण मी डिफेन्सच्या फॅक्टरीत जन्मभर ड्रॉइंग काढलेला माणूस. गाऊनचंही काढलं: समोरून, बाजूने, वरून. मापं मिलिमीटरमध्ये. बाळाची जागा तुटक रेषांनी दाखवली.

"काहून, रणगाडा बनवून राहिले का?" बायकोने विचारलं.

बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून मऊ सुती कापड आणलं आणि जवळच्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या टेलर मास्टरांपुढे कागद पसरला. त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"बाबूजी, इसमें आदमी घुसेगा किधर से?"

"वेल्क्रो से," मी म्हटलं. बटणं बाळाला टोचतात, नाडीला गाठ बसते. वेल्क्रो कसा, एका झटक्यात उघडतो.

गाऊन शिवून आल्यावर टेस्टिंग. फॅक्टरीची सवय. मी स्वतः तो घातला, आत सव्वा किलो तूरडाळीची पिशवी छातीशी धरली आणि घरभर चाललो, वाकलो, खुर्चीत बसून पाहिलं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या विरजण न घेताच परत गेल्या. डाळ कुठून सांडली नाही. मी खूश. डाळ दचकत नाही, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक तो घालून बसली. छान झाकलेली, आत नात गाढ झोपलेली. दाराच्या काचेतून मी बायकोला म्हणालो, "पाहा." तेवढ्यात नर्सदीदी बाळाची वायर तपासायला आल्या आणि त्यांनी गाऊन उघडला.

चर्रर्र!

नातीचे दोन्ही हात हवेत. शेजारचं बाळ दचकलं, त्याच्या पलीकडचं रडायला लागलं, एक मशीन टीं टीं करू लागली, मग दुसरी. घाबरून नर्सदीदींनी गाऊन बंद केला. तो वाकडा चिकटला, म्हणून पुन्हा उघडला. पुन्हा चर्रर्र. मी काचेपासून दूर झालो.

लेक बाहेर आली. या वेळी रडली नाही, रागावली. "बाबा, मी श्वास घेऊ का नको, असं होऊन राहिलं होतं! पोरगी माझ्याजवळ झोपली होती हो!"

बायकोने गाऊन हिसकावला. तिथेच बाकावर बसून ब्लेडने वेल्क्रो उसवला, स्वतःचा पदर जरा फाडला आणि पर्समधल्या सुईदोऱ्याने त्याचे बंद लावले. झबल्यासारखा एक पल्ला दुसऱ्यावर. मला चार दिवस लागले होते, तिला अर्धा तास.

त्या दुपारी लेक तीन तास बसली. बाजूच्या आईने विचारलंसुद्धा, "दीदी, ये कहाँ से लिया?" लेकीने कौतुकाने आईचं नाव सांगितलं. कापड माझं होतं, हे कुणी बोललं नाही.

संध्याकाळी लेकीला जेवायला उठायचं होतं. नर्सदीदींनी दारातून डोकं काढलं. "घर का कोई भी चलेगा. बच्ची को गरम छाती चाहिए, बस." बायकोला खोकला, जावई ड्युटीवर. नर्सदीदी आणि बायको, दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

मी कोपरापर्यंत हात धुतले. जाता जाता सहज म्हटलं, "सिस्टर, जेंट्स के लिए पैटर्न थोड़ा अलग लगेगा. कागज हो तो मैं..."

"अंकलजी," त्या म्हणाल्या, "आप कुछ मत बनाइए. शर्ट खोलिए, बैठिए, और मुँह बंद रखिए."