प्रतिभाच्या बाबांनी आणलेली माती

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. जीव जड झालाय, एवढं खरं.

वर्ध्यात एका प्रयोगशाळेत मी कामाला आहे. मातीतल्या जिवाणूंचा डीएनए मशीनला वाचता यावा म्हणून तयार करायचा — त्या तयारीला आम्ही लायब्ररी म्हणतो. माझा हात चांगला, असं सगळे म्हणायचे. म्हणायचे म्हणून मीही फुगले होते.

प्रतिभा माझी मैत्रीण, तिथेच पीएच.डी. करायची. ऐन फुलोऱ्यातल्या कपाशीच्या मुळांजवळची माती तिला हवी होती. तिच्या बाबांनी ती समुद्रपूरहून बर्फाच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणली.

या कामात डीएनए आधी बारीक चुंबकी मण्यांना चिकटवतात आणि वरचं पाणी फेकून देतात. शेवटी मात्र तो मण्यांवरून सुटून पाण्यात उतरतो. तेव्हा पाणी ठेवायचं, मणी टाकून द्यायचे. मी — गप्पा मारता मारता — पाणीच फेकलं. सगळ्या नळ्यांचं!

कळलं तेव्हा उशीर झाला होता. सांगितलं असतं तर काय झालं असतं? बोलणी बसली असती, दुसरं काय? उरलेली माती फ्रीजरमध्ये होती, पुन्हा करता आलं असतं. पण मी म्हटलं — माती वाटेतच खराब झालेली दिसते, बर्फ वितळला असेल. आणि एकदा असं म्हटल्यावर ती माती ठेवणार कशी? फेकून दे, असं मीच तिला सांगितलं. तिने फेकली.

माझ्यासमोरच तिने बाबांना फोनवर झाप झाप झापलं. पुढे ते आले, तेव्हा बिचारे मलाच म्हणाले, "पोरी, बर्फ तं होता वं. मी उतरल्यावर उघडून पाह्यलं." मी चहा आणते म्हणून उठले. काय माणूस म्हणायचं मला?

हंगाम गेला, तिची शिष्यवृत्ती संपली, पीएच.डी. सुटली. आता सिंदी मेघेत शिकवण्या घेते.

गेल्या वर्षी बाबा वारले. मी गेले होते. माझ्या गळ्यात पडून ती रडत होती — "त्या बर्फापायी मी बाबाले काय काय बोलली वं... माफी मागाची राहूनच गेली." तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.