आपण म्हणजे कोण

“आमच्या मावशींनीपण उत्तर लिहिलंय. ऐका, मजा येईल.”

मॅडमनी माझी वही वर धरली. डोंबिवलीतला क्लास, दहावीची पोरं. मी दाराशी, हातात फडकं. वय सव्वीस, तरी सगळ्यांची मावशी.

प्रश्न होता, दोन कवितांची तुलना करा. दोन्ही रस्ता बांधणाऱ्यांवरच्या. मॅडम वाचायला लागल्या, “पहिला कवी म्हणतो, आपण रस्ता बांधला. दुसऱ्या कवितेतली बाई म्हणते, आम्ही बांधला. पहिल्याच्या कवितेत घमेलं कोणाच्या डोक्यावर आहे, ते लिहिलेलं नाही.”

पोरं हसली. एक म्हणाला, “मावशी, घमेल्याला किती मार्क?”

“कवितेत घमेली शोधायची नसतात,” मॅडम म्हणाल्या. “आधी साम्य, मग भेद, भेदात भाषा बघायची. शेवटी आपलं मत.”

मीपण हसले. ते अजून सलतं.

हिंगोलीकडून आई इथं आलेली ती रस्त्याच्याच कामावर. तिच्यामागं मी, आठवी अर्धी सोडून. मॅडमनीच मला परत वाचायला बसवलं. बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरून देते म्हणाल्या, शाळेचा दाखला घेऊन कपाटात ठेवला. उपकार आहेतच. तरी मनात पाल चुकचुकायची. ही बाई इतकी चांगली का वागते? पोरांसमोर ‘मावशी, तुम्ही’. एकटी सापडले की ‘अगं, तू’.

क्लास सुटला.

“अगं, आपण आज सगळी बाकं पुसून घेऊ या हं,” त्या मोबाइल बघत म्हणाल्या. “आणि फॉर्मचं आपण पुढच्या वर्षी बघू. यंदा तुला झेपायचं नाही.”

बाकं पुसणार मी. वर्ष जाणार माझं. आणि म्हणे आपण.

पहिली कविता मला तेव्हा पुरती कळली.

हे काम सुटलं तर ठाकुर्लीची भाड्याची खोलीपण सुटेल, गाव तर लांबच. तरी म्हणाले, “आपण नाही, मॅडम. बाकं मी पुसते. फॉर्मपण मीच भरते, यंदाच. दाखला द्या.”

“एवढं केलं तुझ्यासाठी, आणि ही भाषा?”

“तुम्हीच सांगितलंत, भेदात भाषा बघायची.”

त्यांनी कपाट उघडलं. दाखला बाकावर टाकला, हातात दिला नाही. मी उचलला. मग बाकं पुसली. सगळी.

वहीत मताची जागा कोरी होती. लिहिलं: वाचायला शिकवलं, ते मी विसरणार नाही. पण इथून पुढं कोणी ‘आपण’ म्हणालं, की मी आधी विचारणार, घमेलं कोणाच्या डोक्यावर?