घोडीचे कंडक्टर

चहाचा कप खाली ठेवला की काका टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचे. याचा अर्थ, चला, निघू. एकदाच टकटक केली तर थांबा, बोलणं बाकी आहे. मंगरूळपीरच्या स्टँडवर ज्यांनी त्यांच्यासोबत चहा घेतला आहे, त्यांना हे सांगायला नको. उरलेल्यांसाठी सांगते. ते एसटीत कंडक्टर होते. कंडक्टरने एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. निवृत्त झाल्यावर तिकिटाचं मशीन महामंडळाला परत गेलं, घंटी मात्र काकांच्या बोटात राहून गेली.

त्यांची माझी ओळख कॉलेजपासूनची. मी विद्यार्थ्यांचा पास काढून त्यांच्या गाडीने वाशीमला जायचे. आता माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, लोक मला मॅडम म्हणतात, केस पांढरे व्हायला लागलेत. पण काका भर बाजारात रस्त्यापलीकडून हाक मारणार, "काय व पासवाली, बरं हाये ना?" आणि दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसणार.

घोडीचं प्रकरण माझ्या दुकानातच सुरू झालं. तेजल नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट आमच्याकडे येते. ज्या मुलांना उठता-बसता-चालता येत नाही, त्यांच्यावर ती उपचार करते. घोड्याच्या मदतीने करायचा व्यायाम ती कुठेतरी शिकून आली होती. घोडा चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते, त्यामुळे कधी न चाललेल्या मुलालाही चालल्याची सवय लागते आणि पाठीत बळ येतं, असं तिने मला समजावलं. लग्नात नवरदेवासाठी घोडी देणारे रहीमभाई तयार झाले होते. लग्न नसलं की रविवारी घोडी मोकळीच असते, घेऊन जा म्हणाले. आता तेजलला माणसं हवी होती. एकाने दोर धरायचा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी मुलाचा पाय धरून सोबत चालायचं. नाही म्हणायला कारण सुचेपर्यंत मी हो म्हणून बसले.

काका तेव्हा काकूंच्या गुडघ्याचं मलम घ्यायला काउंटरशी उभे होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "उभ्यानं काम हाये ना?" ते म्हणाले. "मंग मी येतो."

पहिल्या रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर नुसती फजिती झाली. घोडीचं सगळं आयुष्य वरातीत गेलेलं. चार पावलं टाकायची, थांबायचं, बँड वाजला की पुढचा पाय उचलून ठेका धरायचा, एवढंच तिला ठाऊक. तेजलला हवी होती एकसारखी, संथ चाल. बँड नाही म्हणून घोडी हलेना. कोणीतरी मोबाइलवर गाणं लावलं तर नाचायलाच लागली. वर बसलेलं पोरगं खूश, तेजलला घाम.

पुढच्या रविवारी काका देवघरातली पितळी घंटी आणि खिशात गुळाचा खडा घेऊन आले. दोन घंट्या, चालायचं. एक घंटी, थांबायचं. बरोबर केलं की गूळ. दिवाळीपर्यंत घोडी डेपोतल्या गाडीसारखी वागायला लागली. इकडे काकू माझ्या दुकानात येऊन तक्रार करून गेल्या की देव मुके बसलेत आणि घोडीची आरती चालू आहे. शेवटी देवांसाठी नवी घंटी आली.

मग त्या मैदानावर एसटीचा मार्गच ठरला. कडुनिंब म्हणजे मेडशीचा थांबा, पाण्याची टाकी म्हणजे शेलू बाजार आणि मोडका गोलपोस्ट म्हणजे पोहरादेवी. घोडीवर बसलेल्या मुलाला काका विचारणार, कुठं उतरायचं? पोहरादेवी म्हटलं की बजावणार, "यात्रा हाये तिथं. गर्दी राहीन, नीट बसजा." मुलं खरंच ताठ बसायची. कधी कधी गप्पा इतक्या रंगायच्या की मूल हसून हसून वाकायचं आणि तेजल ओरडायची, काका, पाठ. तेव्हा ते तपासनिसाने पकडल्यासारखे गप्प व्हायचे, पण अर्ध्या फेरीपुरतेच.

पिहू आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या आईचा गावाला लागून भाजीचा मळा आहे. सकाळचा बाजार उरकून ती पिहूला पोटाशी ओढणीने बांधून स्कूटीवर घेऊन यायची. पिहूला आधाराशिवाय बसता यायचं नाही. भिंत हवी, नाहीतर दोन्ही हात टेकवून स्वतःला सावरायचं. दोन्ही हात सावरण्यातच गेल्यावर घास कोण घेणार? तो आईच भरवायची. पहिल्याच दिवशी आईने आम्हाला सांगून टाकलं होतं, "चालली नाई तरी चालीन मले. फक्त आपल्या आपण बसावं आन् आपल्या हातानं खावं तिनं."

पिहूचा एक पाय मी धरायचे, दुसरा काका. दिवसभर काउंटरमागे उभी राहून मी लोकांची दुखणी ऐकते. गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकून देते, त्या माणसाचं पुढे काय होतं ते मला कळत नाही. इथे लाकडासारखा ताठ पाय माझ्या तळहाताखाली हळूहळू सैल पडताना मला कळायचा. त्यासाठी मी रविवारची झोप सोडली आणि मला तिची कधी आठवणसुद्धा झाली नाही.

एका रविवारी पिहूने नाक खाजवायला एक हात उचलला आणि तरी ती बसून राहिली. तेजलने आम्हाला डोळ्यांनी गप्प केलं. काकांच्याने राहवलं नाही. "खाजव माय, आरामानं खाजव," ते म्हणाले. त्या दिवशी पिहूची आई सगळ्यांना मेथीच्या जुड्या वाटून गेली.

आणि पुढच्याच रविवारी रहीमभाई घोडीशिवाय आले.

झालं होतं असं. आदल्या दिवशी लग्न होतं. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळात गेला, दर्शन घेऊन परत घोडीवर चढला. पण मागून येणारे नातेवाईक देवळात शिरताना एक एक घंटी वाजवणारच. घोडीने पाऊल उचललं की ठण्ण, आणि घोडी उभी. पुन्हा उचललं की पुन्हा ठण्ण. मावसभाऊ झाले, आत्या झाल्या, भाऊजी झाले. मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी नवरदेव उतरून पायी मांडवात गेला आणि मुलाच्या वडिलांनी रहीमभाईंना चारचौघांत नको ते ऐकवलं.

"काका, घोडी माही हाये का एसटीची?" रहीमभाईंनी विचारलं. ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. सीझन तोंडावर होता, घोडीवर त्यांचं घर चालत होतं. आता पाठवता येणार नाही म्हणाले. पिहूची आई स्कूटीवर तशीच बसून होती, ओढणीची गाठ न सोडता. एकदा पाठीतला जोर गेला की मागचं सगळं फुकट, हे तेजलने तिला कधीतरी सांगितलं होतं.

काकांनी हातातली पितळी घंटी खिशात घातली. मग ते म्हणाले, "रहीमभाई, जिथं जिथं हिचं लगन, तिथं मी. घंटी मी लावली, मीच पाह्यतो. तुमी इतवार बंद करू नोका."

आणि त्यांनी ते केलं. त्या सीझनमध्ये वाशीम, मानोरा, कारंजा, जिथे घोडी तिथे काका. इस्त्रीचा शर्ट घालून नवरदेवाच्या बाजूने चालायचे. देवळापाशी कोणी घंटी वाजवली की त्याच्या पाठोपाठ हे आपली पितळी घंटी वाजवायचे. झाल्या दोन, घोडी चालू. एका पुजाऱ्याने तर असा भाविक पाहिला नाही म्हणून त्यांना हाताला धरून गाभाऱ्यात नेलं. नवरीकडच्यांना वाटायचं, हे नवरदेवाचे मामा. नवरदेवाकडच्यांना वाटायचं, नवरीकडचे कोणी मानाचे. दोघेही टोपी-उपरणं द्यायचे आणि जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्या उन्हाळ्यात घरी स्वयंपाक एकटीचाच केला, असं काकू सांगतात.

मी एकदा म्हटलं, काका, या वयात किती धावपळ. ते हसले. "रिटायर झालो, हार घातला, नारळ देला. घरी आलो तं वाटलं, सगळे गाडीत बसून गेले आन् मीच स्टँडवर राह्यलो. आता इतवारची वाट लेकराहून जास्त मी पाह्यतो."

गेल्या दिवाळीनंतर ते अमरावतीला मुलाकडे राहायला गेले. काकूंना जिने चढणं झेपत नव्हतं आणि मुलाचं घर तळमजल्यावर आहे. दर रविवारी सकाळी फोन येतो, घोडी आली का? घोडीची खबर घेतल्यावर मग माझी. आपल्यापैकी ज्यांनी त्यांना मैदानावर पाहिलं आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे ते घंटी वाजवतानाचेच येत असतील. मला मात्र जूनमधला एक रविवार आठवतो, लग्नं संपली होती आणि पाऊस अजून यायचा होता.

तेजल म्हणाली, आज पिहूला धरायचं नाही. सोबत चालायचं, पण हात काढायचे. मी काढला. काका म्हणाले, एक फेरी जाऊ दे. फेरी झाली. तेजलने पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांनी हात उचलला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. खिशात घालून पाहिला, पाठीमागे बांधून पाहिला.

पिहूला आईच्या पिशवीत काकड्या दिसल्या आणि तिने मागितली. आईने तेजलकडे पाहिलं. तेजलने मान हलवली. आईने बारीकशी एक काकडी वर दिली. चालत्या घोडीवर, कोणी धरलेलं नसताना, पिहूने ती दोन्ही हातांनी तोंडाशी नेली आणि कडाकड चावली. मान डोलली, कंबर डोलली, पण ती बसून राहिली.

तोंडातला घास न संपवताच ती म्हणाली, "आई, मीठ नाई लावलं."

आई हसली आणि हसता हसता खालीच बसली. काकांनी माझा कोपर पकडला, चांगला घट्ट. "काहीतरी धरू दे व मले," ते म्हणाले.

मी हात ताठ ठेवला. आम्ही दोघं घोडीच्या बाजूने चालत राहिलो आणि वर पिहू बिनमिठाची काकडी देठापर्यंत खात होती.