भिंगताईंनी शाळा सोडल्या त्याची गोष्ट

भिंगताईंचं खरं नाव शाळेतल्या मुलांना कधी कळलंच नाही. पाणी तपासणाऱ्या एका संशोधन संस्थेत त्या नोकरीला होत्या, आणि सवड मिळाली की सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून शाळा पालथ्या घालायच्या. डबक्यातल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवायचा, मुलांना एकेक करून वाकायला लावायचं आणि त्यांची तोंडं बघत बसायचं. "नवरा केला असतास तर त्यालाही काचेखाली घातला असतास," असं थोरली बहीण म्हणायची, आणि त्यावर सगळ्यांत जास्त ताईच हसायच्या.

अशाच एका वर्गात शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी काचेला चिकटली ती हलेचना. मागची पोरं ढकलू लागली, तरी मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, पाणी सुकलं की हे जीव जातात कुठे?"

"ये आमच्या संस्थेत. आपण सुकवूनच बघू."

मुलगी आली, आणि मग येतच राहिली.

शाळा संपल्यावर आई तिला औषधांच्या दुकानात चिकटवायला निघाली, तेव्हा ताई स्वतः घरी गेल्या. कपड्यांचा ढीग सरकवून आईनं त्यांना बसायला जागा करून दिली.

"आम्हाला यातलं काही कळत नाही, ताई. तुम्ही म्हणाल तसं."

"तिचं डोकं वाया घालवू नका. मी आहे ना."

त्या एका शब्दावर आईनं पुढची कितीतरी वर्षं मशीन चालवलं. मुलीनं डॉक्टरेट मिळवली, तिच्या कामाचं नावही झालं. नोकरी मात्र मिळायची ती वर्षभराचीच. वर्ष सरलं की गाशा गुंडाळायचा, नवं शहर गाठायचं. ताईंनी ओळखीतल्या सगळ्यांचे उंबरे झिजवले. कौतुक सगळ्यांनी केलं, कायमची जागा कोणाकडेच नव्हती. शेवटी मुलगी घरी परतली आणि त्याच औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभी राहिली.

ताई तिला भेटायला गेल्या. "आणखी एक अर्ज करून बघू या," त्या म्हणाल्या.

"नको." ती गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापत होती. "तुम्ही अजून शाळांत जाता?"

"जाते."

"पुढे जागा नसतात, हे सांगता मुलांना?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"तुमच्यावर राग नाही माझा. पण आई एका शब्दानं काही विचारत नाही ना, तेच सोसत नाही. मुलांना तेवढं सांगत जा."

पुढच्या शाळेत ताईंनी ते सांगितलं. काचेसमोरची रांग विरळ झाली. नंतर शिक्षकांनी त्यांना बाजूला घेतलं. "मुलांचा हिरमोड कशाला करता, ताई? उमेद यावी म्हणून तर तुम्हाला बोलावतो." त्या शाळेनं परत बोलावलं नाही.

त्यानंतरच्या शाळेत त्या त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. तिथे पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "मलाही तुमच्यासारखं व्हायचंय. काय करू?" पाणी पिऊन येते म्हणून ताई बाहेर पडल्या आणि पटांगणाच्या पायरीवर बसून राहिल्या. आतला गोंगाट वाढत गेला, शाळा सुटली, मुलं त्यांना वळसा घालून घरी गेली.

त्या पुन्हा कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. बहिणीनं एकदा विचारलं, "दाखवण्यासारखं काही उरलं नाही का गं?"

"खूप उरलंय," ताई म्हणाल्या. "पण मुलांना ये म्हणायचं ते कुठे, हेच कळेनासं झालंय."

काचेखालच्या नवऱ्याचा जुना विनोदही बहिणीनं या वेळी काढला नाही.