बानूखालांचा जुना किब्ला

बानूखाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "वहिनी, अम्मी गेली," त्यांचा मुलगा इक्बाल म्हणाला. मला धक्का बसला नाही. आदल्या दुपारी मी त्यांच्याजवळच होते.

इथे ऑकलंडमध्ये, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात माझं मराठी ऐकून मागून कुणीतरी म्हणालं होतं, "ती कोथिंबीर घेऊ नकोस, वास नाही तिला." त्या खाला. चिपळूणला आयुष्यभर इतिहास शिकवून मुलाकडे आलेल्या. पुढे फोनकार्ड आणायला डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, निघाल्या की माझ्याकडे डोकावत, आणि चहा उकळेपर्यंत इतिहास सांगत. सुरुवातीचे मुसलमान नमाजाला मक्केकडे नाही, जेरुसलेमकडे तोंड करत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. नमाजाची ती पहिली दिशा, पहिला किब्ला, म्हणून ते शहर कायमचं पवित्र. मग मदिनेत मक्केकडे वळण्याचा आदेश आला. "नमाज चालू असतानाच सगळे वळले, असं सांगतात," म्हणता म्हणता त्या थांबल्या. "वळायच्या आधीचा तो क्षण कसा असेल गं?"

गेल्या वर्षी त्यांना विसर पडू लागला. नातीचं नाव आठवेना, नमाज मात्र चुकत नसे. ऑकलंडहून मक्का पश्चिमेच्या जराशी डावीकडे येते, जेरुसलेम जराशी उजवीकडे. इक्बालनं मक्केकडे नीट अंथरलेला मुसल्ला, नमाजाची चटई, त्या रोज उजवीकडे सरकवायच्या. "अम्मी, किब्ला इकडे," तो कळवळून सांगे. त्या शांतपणे म्हणत, "आपल्याला अजून सांगितलेलं नाही." बाहेर येऊन तो मला विचारायचा, "तिची नमाज पोचत असेल का, वहिनी?"

त्या शेवटच्या दुपारी तो कामावर होता म्हणून मी खोलीत बसले होते. नमाज पढताना खाला मधेच थांबल्या. कान दिला. घरात तिसरं कुणी नव्हतं, टीव्ही बंद होता. मग उभ्या उभ्याच सावकाश डावीकडे वळल्या आणि उरलेली नमाज पुरी केली. उठताना म्हणाल्या, "ऐकलंस ना?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण माझीही मान दाराकडे वळली होती...

दफनानंतर इक्बालला हे सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा रडला. "म्हणजे वळली ती," एवढंच म्हणाला.

खोली त्यानं तशीच ठेवली आहे. मी अधूनमधून जाते. तिथे आम्ही हळू बोलतो, का ते एकमेकांना विचारत नाही. बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबतो, दुसऱ्या कुणाला बोलू द्यावं तसे.