बगलेत धरून पाहिलेला बॉल

नव्या रबराचा वास आला की मला नंदुरबारचं ते खेळाच्या सामानाचं दुकान आठवतं. आम्ही कॉलेजच्या पोरी, ढेकळांच्या मैदानात फुटबॉल खेळणाऱ्या, दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच सुरतला फुटसाल, म्हणजे हॉलमधला फुटबॉल, खेळायला निघालो होतो आणि बॉल आमचाच न्यायचा होता. प्रत्येकीने एकेक बॉल फरशीवर आपटला. जो पार पंख्यापर्यंत उडाला, त्यावर सगळ्या खूश. तेवढ्यात आमची नवापूरची गोलकीपर पुढे झाली. तिच्या घरी पोल्ट्री. तिने कोपऱ्यातला लहानसा बॉल उचलून तोलला, बगलेत धरून पाहिला आणि म्हणाली, "जी लई उड्या मारस ती कोंबडी हलकी ऱ्हास. हाऊ देख, जड शे." तो आपटला तर गुडघ्यापर्यंतही येईना. आम्ही खो खो हसलो. काउंटरमागचे चाचा मात्र उठून उभे राहिले. "बेटी, हॉल का बॉल यही है. बाकी सब छत को लगेंगे." सुरतच्या गुळगुळीत फरशीवर तो खरंच शहाण्यासारखा पायाशी राहिला, उड्या मारल्या त्या आम्हीच, जिंकल्यावर. आता मी शाळेत खेळ शिकवते. मुलींसाठी बॉल घ्यायला गेले की आधी बगलेत धरून पाहते. दुकानदार बघत राहतात. बघू देत.