जावयाचा मान

धंद्यात बाकी काही जमा होवो न होवो, किस्से मात्र आपोआप जमा होतात. त्यांना जागा लागत नाही, अन् झाडून काढायचं म्हटलं तर ते निघतही नाहीत.

परवा इथल्या एका कॉलेजनं मला बोलावलं होतं. विषय दिला होता, 'फ्रीलान्स वेब डिझायनरसाठी व्यावहारिक सल्ला'. पोरं पेन काढून तयार! मी म्हटलं, "सल्ला एकच आहे. साईटला हात लावायच्या आधी क्लायंटला विचारा, भाऊ, ही तुम्ही दाखवणार कोणाले?"

पोरं हसली. सरही हसले. त्यांना वाटलं ही सुरुवातीची गंमत, खरं भाषण पुढे आहे. पुढे काही नव्हतंच! यवतमाळात इतकी वर्षं काढून मला एवढंच कळलंय, की साईट ज्याची असते तो ती कधीच पास करत नाही. पास करणारा दुसराच कोणीतरी असतो. तो कोण, कुठे बसतो, काय पाहतो, हे शोधायचा मला नादच लागलाय.

आम्ही तिघं. मी, विलास राठोड अन् सुजाता. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तीन टेबलं अन् एक पंखा. विलास आर्णीकडच्या तांड्यावरचा, त्याला कशाचंच टेन्शन येत नाही. सुजाता लोहाऱ्याची, तिचं टेन्शन घरी आरामखुर्चीत बसलेलं असतं. तिचे बाबा म्हणजे रिटायर्ड गुरुजी. पोरगी दिवसभर काय करते हे त्यांना पटलेलंच नाही. "कॉम्प्युटरवर खेळते," एवढंच ते पाहुण्यांना सांगतात. यंदा तर त्यांनी सांगूनच टाकलं, "दिवाळीपर्यंत खेळून घे. मंग ते डबडं बंद. स्थळं पाहाले घेतो."

मी तिला विचारलं, "तुझी एक तरी साईट त्यांनी पाहिली का?"

"दाखवाले गेली का म्हणतात, चष्मा नाई."

मग मला कळलं, सुजाताच्या साईटवरची अक्षरं एवढी मोठी का असतात! क्लायंट कुरकुर करतात, विलास तिच्या साईटला बाराखडीचा तक्ता म्हणतो, पण ही बाई एक अक्षर बारीक करत नाही. "बाबाले बिनचष्म्याची वाचता आली पाहिजे," म्हणते. जो माणूस पाहणारच नाही त्याच्यासाठी! मला वाईट वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

* * *

पहिला धडा मला आर्णीत मिळाला. बी-बियाण्याचं दुकान. मालकांना साईट दाखवली, खूश! "एकच नंबर!" म्हणाले, चहा पाजला. मी हवेतच घरी आलो. दुसऱ्या दिवशी फोन, "ते हिरवं काढा."

"काहून? काल तं आवडलं होतं."

"जावई म्हणाले. पुण्याले आयटीत आहेत ते."

हिरवं काढलं, निळं केलं. जावई म्हणाले, अक्षर बदला. बदललं. जावई म्हणाले, फोटो डावीकडे घ्या. घेतला. शेवटी माझं डोकं फिरलं. मी जावयाचा नंबर मिळवला अन् सरळ फोन लावला, "साहेब, तुमच्या मनात नेमकं आहे तरी काय?"

जावई हळू आवाजात म्हणाले, "सर, साईट पहिल्याच दिवशी मस्त होती. पण मी काही चूक काढली नाही, तर सासऱ्यांना वाटतं मी पाहिलंच नाही! म्हणून हिरवं म्हणालो. तुम्हाला हिरवं आवडत असेल तर ठेवा ना!"

आता बोला!

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक साईटमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतो. ठळक, लगेच सापडेल अशी. एखादा फोटो तिरपा, एखादं बटन जरा वाकडं. पाहणाऱ्याला ती सापडते, तो खूश होतो, आपण दोन मिनिटांत सरळ करतो, साईट पास! या चुकीला आमच्या खोलीत नाव आहे, 'जावयाचा मान'. साईट पूर्ण झाली की विलास विचारतो, "मान ठेवला का?"

* * *

मान एकदा अंगावरही आला. बेकरीची साईट होती. केकचा एक फोटो मी चांगला तिरपा करून ठेवला. मालकाच्या मोठ्या वहिनी पास करणार होत्या, मी आधीच विचारून घेतलं होतं. वहिनींनी साईट पाहिली, चष्मा वर केला, परत पाहिली.

म्हणाल्या, "हा तिरपा केक काय सुंदर दिसते हो! बाकीचे काहून असे सरळसोट ठेवले? सगळेच तिरपे करा!"

आजही ती साईट तशीच आहे. मान वाकडी करून पाहावी लागते.

* * *

एक दाताचे डॉक्टर. मी विचारलं, "कोणाले दाखवणार?" म्हणाले, "मी कोणाला विचारत नाही. पेशंटला आवडली की झालं." मला हे फार आवडलं. वा, काय विचार आहे!

साईट घेऊन गेलो तर ते कामातच होते. खुर्चीत एक काका आडवे, जबडा उघडा, तोंडात सगळी हत्यारं. डॉक्टरांनी माझा लॅपटॉप काकांच्या डोळ्यांपुढे धरला. "कशी वाटली?"

काका म्हणाले, "आँ... आँ..."

"पाहा, आवडली!" डॉक्टर म्हणाले. "करून टाका फायनल!"

बाहेर पडताना मी काकांकडे पाहिलं. ते हातानं जोरजोरात नाही-नाही करत होते. ते साईटला होतं की दाताला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

* * *

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सिमेंटच्या पायपांचा एक कारखाना. मालक पक्का माणूस. "मी समोरच्या युनिटवाल्याले दाखवतो," म्हणाला.

मी चाट! समोरचं युनिटही पायपांचंच. "अहो, तो तं तुमचा दुश्मन."

"म्हणून तं. त्याचं तोंड वाकडं झालं म्हणजे साईट चांगली."

मी म्हटलं हे पाहायलाच पाहिजे, अन् सोबत गेलो. समोरच्यानं साईट पाहिली अन् तोंडभरून म्हणाला, "वा! लय भारी! अशी साईट तं नागपुरातही नसन!"

आमचा मालक पांढरा पडला. बाहेर आल्याबरोबर माझा हात धरला, "बदला. पूर्ण बदला. त्याले आवडली म्हणजे काहीतरी गडबड आहे!"

तासाभरात समोरच्याचा मला फोन. "भाऊ, त्याची ती साईट रद्द झाली काय? झाली असन तं मले द्या ना!"

* * *

विलासचं पहिलं काम म्हणजे त्याच्या काकाची साईट. काकाचं तांड्यावर मंडप-डेकोरेशन आहे. विलासनं काकाला विचारलं, "कोणाले दाखवशीन?" काका म्हणाला, "अबे, माया काय चोरीचा मामला आहे? सगळ्याइले दाखवतो!"

अन् खरंच, काकानं साईटची लिंक तांड्याच्या ग्रुपवर टाकून दिली. साईटवर एक बटन होतं, दाबलं की सरळ काकाला फोन. पुढचे दोन-तीन तास काकाचा फोन थांबला नाही. हा हॅलो म्हणायचा, समोरून कोणीतरी म्हणायचं, "फोन लागते काय पाह्यलं!" अन् ठेवून द्यायचं. विलासच्या याडीनं, म्हणजे आईनं, तर शेजारच्याच खोलीतून लावला. भिंतीपलीकडून आवाज अन् फोनमधूनही तोच आवाज!

विलास घाबरला. संध्याकाळी भीतभीत काकाकडे गेला. काका खाटेवर पाय पसरून बसलेला, फोन चार्जिंगला.

"विल्या," काका म्हणाला, "तू जादू केली रे बाप्पा. एका दिवसात धंदा कुठच्या कुठे गेला, फोनच फोन!"

* * *

आता बोरी अरबचं सांगतो. हे मी कॉलेजात सांगितलं नाही.

बोरी अरबला गजाननभाऊंची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टमाट्याची रोपं. शेतकऱ्यानं मोबाईलवरच रोपं निवडावी, कधी पाहिजेत ते सांगावं, अशी साईट हवी होती. काम सुजाताकडे होतं, पण भेटायला मी जायचो. कारण तिचे बाबा त्या गावच्या शाळेत बरीच वर्षं होते. "मी गेली का सारं गाव मले बाबाचीच खुशाली विचारते, कामाचं राहूनच जाते," ती म्हणायची.

दिवाळी जवळ आलेली. सुजाताच्या घरी एक स्थळही सांगून आलं होतं. ती त्या साईटवर अशी काम करत होती की जणू ही शेवटचीच. प्रत्येक रोपाचा फोटो तिनं स्वतः नीट केला. अक्षरं नेहमीसारखी टपोरी. मी गजाननभाऊंना नेमाप्रमाणे विचारलं होतं, "दाखवणार कोणाले?"

"आमच्या गुरुजीले. त्याइले विचारल्याबिगर मी काईच नाई करत."

गुरुजी म्हटल्यावर मी पुढे विचारलंच नाही. गावोगाव गुरुजी असतात!

साईट पूर्ण झाली. विलास म्हणाला, "मान?" सुजाता म्हणाली, "ह्या साईटवर नाई ठेवत." विलास काही ऐकतो का? तिची पाठ वळली अन् त्यानं 'रोपं मागवा'चं बटन जरासं वाकडं करून टाकलं.

दोन दिवसांनी दुपारी गजाननभाऊंचा फोन. आम्ही तिघंही खोलीत होतो. मी स्पीकर लावला.

"भाऊ, गुरुजीच्याच घरी बसून आहो. लोहाऱ्याले. साईट पाह्यली त्याइनं. थांबा, तेच बोलतीन."

मागून एका बाईचा आवाज आला, "गजानन, च्यात साखर कमी टाकू काय?"

सुजाता खुर्चीतून उठलीच. "आई!" ती पुटपुटली. विलासनं पंखा बंद केला.

मग गुरुजींचा आवाज. खणखणीत. "साईट तुमी केली काय?"

सुजाता दोन्ही हातांनी मला नाही-नाही करत होती. मी म्हटलं, "नाही गुरुजी. आमच्या जोडीदारानं."

"हं. मी चष्मा नाई लावला बरं. तरी वाचली. शेवटपर्यंत वाचली. आजकाल म्हाताऱ्या माणसाचा इचार कोण करते?" अन् मग म्हणाले, "एक बटन वाकडं आहे."

विलासनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. मान पावला!

"सरळ करून देतो गुरुजी, चुकून राहिलं."

"चुकून नाई. ज्याचं बाकी सारं इतकं नेटकं आहे, त्याचा हात एकाच जागी कसा घसरन? मुद्दाम ठेवलं ते. काहून ठेवलं?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी खरं तेच सांगून टाकलं. म्हटलं, "तपासणाऱ्याले काहीतरी सापडावं म्हणून, गुरुजी."

गुरुजी मोठ्यानं हसले. "अरे, मीही फळ्यावर रोज एक चुकीचं लिहीत होतो! कोणतं पोट्टं पकडते ते पाहाले. ह्या गजाननानं कधीच नाई पकडलं."

"गुरुजी!" गजाननभाऊ मागून कळवळले.

सुजाता टेबलाला धरून उभी होती. डोळे भरलेले, अन् हसूही येत होतं. तेवढ्यात गुरुजींनी आवाज खाली आणला.

"एक इचारू काय? तुमच्या ह्या जोडीदाराचं लग्न झालं काय?"

"न... नाही."

"मायी एक पोट्टी आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर खेळते, तेवढं सोडलं तं गुणाची आहे. अशा डोकेबाज पोराच्या घरी पडली तं काहीतरी शिकन. इचारून पाहा बरं त्याले."

मी सुजाताकडे पाहिलं. विलासनं तोंडात रुमाल कोंबला होता. सुजातानं डोळे पुसले, ओढणी सारखी केली अन् माझ्या हातातून फोन घेतला.

"गुरुजी," ती म्हणाली, "पोराले पोट्टी पसंत आहे. पण लग्नानंतरही पोट्टी कॉम्प्युटरवरच खेळन."

 पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"सुजे?"

"हो बाबा."

गुरुजींनी घसा खाकरला. एकदा. मग परत एकदा.

"ते बटन सरळ कर आधी."